चित्र आहे, उजेड नाही

माझा स्वभाव तापट आहे आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत आहे. नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो, त्यामुळे घरातल्या टीव्हीबद्दल तर माझाच शब्द शेवटचा.

२०१४ च्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. मिरजेत त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, पस्तीस वर्षांचं. मी आणि माझी बायको उल्का सकाळी सायकली काढून कामावर गेलो की त्यांना दिवसभर उद्योग नसे. भांडी विसळून ठेवायचे, मग बाल्कनीत बसून रस्ता बघायचे. कंटाळलात का विचारलं, की "छे" म्हणायचे.

पाचव्या आठवड्यात टीव्ही बिघडला. आवाज येत होता, पडदा मात्र काळा. बाबा बाह्या सरसावून उठले. प्लग काढून दहा मिनिटं तसाच ठेवला, केबल बदलून पाहिली, रिमोटवरून सगळे इनपुट फिरवले. मग खिडकीचे पडदे ओढायला लावले आणि म्हणाले, "अजित, टॉर्च आण बघू."

टॉर्च अगदी जवळ धरल्यावर काळ्या काचेत बातम्या सांगणारी बाई पुसटशी दिसली.

"चित्र आहे, उजेड नाही," बाबा म्हणाले. "मागची दिव्यांची पट्टी गेलीय. मागव, एका दुपारात बसवतो."

"बाबा, इथे कोणी दुरुस्त करत बसत नाही. नवा घेऊ."

"अरे, सेट चांगला आहे."

"इथली पद्धत वेगळी असते. तुम्हाला नाही कळायचं."

पस्तीस वर्षं लोकांचे टीव्ही चालू करून देणाऱ्या माणसाला मी हे ऐकवलं. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते. उल्काने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मोबाइलवर नवे टीव्ही बघू लागलो.

शनिवारी तो सेट नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर नेला. निघण्याआधी बाबांनी वायर नीट गुंडाळली आणि रिमोट सेटच्या पाठीला चिकटपट्टीने लावला. "ज्याला मिळेल त्याला शोधत बसायला नको," म्हणाले. तिथल्या माणसाने सेट उचलला आणि जाळीच्या पिंजऱ्यात बाकीच्या टीव्हींवर टाकला. बाबा गाडीत जाऊन बसले.

नव्या टीव्हीचा आवाज ओठांच्या किंचित मागे चालायचा. सेटिंगमधला एक आकडा बदलायचा होता, पण ते बाबा परत गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. उरलेले आठवडे त्यांनी रिमोटला हात लावला नाही.

तीन वर्षांनी तो टीव्हीही तसाच काळा पडला. उल्का म्हणाली, "सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी लावलीय. आपल्या वस्तीच्या हॉलमध्ये दर शनिवारी लोक फुकट दुरुस्ती करून देतात."

असं काही नसतं, हे तिला दाखवून द्यायला म्हणूनच मी टीव्ही गाडीत घातला.

हॉल घरापासून जेमतेम पाच मिनिटांवर होता. आत लांब टेबलं, कॉफी, सोल्डरिंगचा वास, आणि शिलाई यंत्रांपासून टोस्टरपर्यंत सगळं उघडून बसलेली निवृत्त मंडळी. टीव्हीच्या टेबलावर हार्म नावाचे पंचाहत्तरीचे गृहस्थ एकटेच होते. त्यांनी आवाज ऐकला, काळा पडदा पाहिला. ते टॉर्च शोधत होते तोवर मी मोबाइलचा दिवा लावून काचेजवळ धरला.

"चित्र आहे, उजेड नाही," ते डचमध्ये म्हणाले. "पट्टी मागव, पुढच्या शनिवारी बसवू."

"हे तुम्ही कधीपासून करता?" मी माझ्या मोडक्या डचमध्ये विचारलं.

"सहा वर्षं झाली. पण या टेबलाला माणूस मिळत नाही. टीव्ही उघडायला सगळे घाबरतात."

सहा वर्षं. म्हणजे बाबा बाल्कनीत बसून रस्ता बघत होते, तेव्हाही हे टेबल इथेच होतं. त्यांना डच येत नव्हतं, पण हार्मच्या टेबलावरचा वीज तपासायचा मीटर त्यांनी लगेच ओळखला असता.

"दिवा कसा धरायचा, हे तुला कोणी शिकवलं?" हार्मनी विचारलं.

"वडिलांनी. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं."

"मग घेऊन ये की त्यांना पुढच्या शनिवारी," ते म्हणाले आणि शेजारची रिकामी खुर्ची ओढून दाखवली.

मी "बघतो" म्हणालो. बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते, आणि तसं सांगितलं असतं तर हार्मनी ती खुर्ची परत आत सरकवली असती.