बोटाखालची ओळ

त्या दिवशीही सखाबाई नेहमीसारखी अंगणात बसली होती. जुन्या लुगड्यावर झिंगे वाळत घातलेले, कावळे हाकलायची काडी मांडीवर, आणि डोळे मोबाइलवर. पवनीच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर दर आठवड्याला एक गोष्ट चढायची. चढवणारी तिचीच मुलगी नीतू, वाचनालयाची ग्रंथपाल.

"गोष्ट पळून राहिली वं, नीतू!"

"काचेले बोट लावू नको म्हटलं ना, माय."

"बोट नाही लावलं त ओळ कशी सापडंल? गोष्ट हाय का मासोळी, हात लावला का सटकते!"

सखाबाई चौथीपर्यंत शिकलेली. पोथीच्या ओळीखाली बोट सरकवत, मोठ्याने वाचायची सवय. मोबाइलवर बोट टेकलं की पानच सरके, म्हणून ती बोट काचेच्या जरा वर, हवेत धरी. अक्षर दिसेना म्हणून ताणून मोठं केलं, की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाई. मग पान उजवीकडे ढकल, डावीकडे ढकल. या ढकलाढकलीत मागची ओळ डोक्यातून निसटे.

वाचनालयातल्या मोठ्या पडद्याचं रिझोल्यूशन चांगलं, त्यावर बारीक अक्षरंही स्वच्छ दिसत. पण नीतूने तो पडदा पाहून अक्षराचा आकार ठरवणं केव्हाच सोडलं होतं. घरी आली की ती आईच्या मोबाइलवर पान उघडायची, वेबसाइटवरचं अक्षर थोडं वाढवायची, ओळ काचेच्या रुंदीतच संपून खाली उतरते का पाहायची. त्या संध्याकाळी ते जमलं. सखाबाईने पान ना ताणलं, ना ढकललं. अख्खी गोष्ट वाचून काढली. मधल्या वेळात कावळ्यांनी निवांत झिंगे पळवले. नीतू आत गॅसपाशी होती. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "झाली? दे, चार्जिंगला लावते."

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात सखाबाई टोपलीशेजारीच कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेरवी झाल्यावर नीतू कामावर गेली. वाचनालयाचे सचिव भोजराजभाऊ आईबद्दल चार शब्द बोलले, मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसले. भंडाऱ्याहून पाहुणे येणार होते, त्यांना वेबसाइट दाखवायची होती.

"अक्षरं केवढाली करून ठेवली वं बाई! बालवाडीचं पुस्तक वाटून राहिलं. बारीक कर. सूचना, कार्यकारिणीचे फोटो, सगळं एका नजरेत दिसलं पायजे."

"इथं दिसेल, भाऊ. मोबाइलवर कोणाला वाचता येणार नाही."

"ज्याले वाचाचं हाय तो घेईन मोठं करून."

नीतूने अक्षर बारीक केलं, गोष्ट त्यांच्याच मोबाइलवर उघडली आणि त्यांच्या हातात दिली. "वाचा."

भोजराजभाऊंनी चष्मा वर सरकवला. पान ताणलं, ओळ बाहेर गेली. ढकलत ढकलत तिच्या टोकाला पोचले, परत आले, तर भलत्याच ओळीवर उतरले. पुन्हा ताणलं. मग स्वतःशीच हसले.

"जाऊ दे वं. आता एकेक ओळ धरून वाचत बसते कोण? इतका टाइम कोणाले हाय?"

ज्येष्ठ वाचक, अधू डोळे, बाकीच्या वाचनालयांनी काय केलं, सगळं नीतूने वाचून ठेवलं होतं. सांगायला तोंड उघडलं, आणि त्यातलं काहीच आलं नाही.

"माही माय बसे."

भोजराजभाऊंनी मोबाइल टेबलावर ठेवला.

"एकेक शब्द जोडून वाचे. अडली का पुन्हा पहिल्यापासून. मी भाजी झाली तरी गॅसपासून हलत नव्हती, भाऊ. बाहेर गेली त ती थांबंल म्हणून. मले तिचं वाचणं आयकाले लय आवडे. तिले कधी सांगतलंच नाही मी."