रुचिका मॅडमची मुलाखत

केळझरच्या मंदिराच्या वाटेवर मंदाबाईचं बांगड्यांचं दुकान. मूल नसलेल्या बायांवर अभ्यास करणारी रुचिका शहरातून आली, तेव्हा मंदाबाईनं तिला चहा पाजला आणि कुणाजवळ न काढलेली गोष्ट सांगितली. दोष तिच्यात नव्हता, नवऱ्यात होता. बंडूजींची लाज राखायला तिनं स्वतःला वांझ म्हणवून घेतलं होतं. रुचिकानं सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. "नाव कुठं येणार नाही," म्हणाली.

नाव आलं नाही, आवाज आला. दिवाळीनंतर गावात आरोग्याचा कार्यक्रम झाला, तिथं रुचिकानं ती मुलाखत लाउडस्पीकरवर ऐकवली. पहिल्याच वाक्याला सगळ्या माना मंदाबाईकडे वळल्या. बंडूजी उठून गेले. तेव्हापासून ते ना पानठेल्यावर जात, ना तिच्याशी बोलत.

मंदाबाई रडली नाही. वाट पाहत राहिली.

उन्हाळ्यात रुचिका उरलेल्या मुलाखतींसाठी पुन्हा आली. मंदाबाईनं तिला हसून आत बसवलं, बचत गटाच्या बाया बोलावल्या, दार लोटलं आणि आपला मोबाइल चालू करून तिच्यासमोर ठेवला.

"आज आमी इचारतो, मॅडम. लगन होऊन चार वर्सं झाले म्हणता, मंग लेकरू काऊन नाई?"

रुचिका हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

"नवरा जवळ येते का? दोष कोनाचा हाय?"

"मावशी, हे खासगी आहे."

"मले तर हेच इचारलं होतं तुमी."

"तुम्ही नाही म्हणू शकत होता."

"तसं सांगतलं होतं का मले?"

रुचिकाचे डोळे भरून आले. ते पाहून मंदाबाईला आतून गार वाटलं.

"माह्यं सारं मिटवा. माह्या डोयापुढं."

रुचिकानं मोबाइलमधून, लॅपटॉपमधून ती मुलाखत पुसली. "अभ्यासातूनही काढते. चुकलं माझं. आता तुमच्या मोबाइलमधलंही पुसा ना."

"नाई पुसत. आपला आवाज दुसऱ्याच्या हाती असला का झोप कशी लागते, पाहा जरा."

रुचिका गेल्यावर शेजारची सुलोचना म्हणाली, "पुसून टाक वं. रडत गेली बिचारी."

"जाऊ दे रडत."

घरी तिनं बंडूजींना सगळं सांगितलं. त्यांनी कूस बदलली. मंदाबाई मात्र कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.