धारवाले काका

माझा भाऊ मला आवडत नाही. लहानपणी आवडायचा की नाही ते आठवत नाही, आणि आठवून बघायची गरजही वाटत नाही.

बाबांचं सुतारांच्या हत्यारांना धार लावून देण्याचं दुकान होतं. रंधे, पटाशा, करवती. दादा काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा छाटायचा आणि मी मागच्या खोलीत बाबांच्या शेजारी बसून सहाणेवर पाती फिरवायचे. बाबा गेले आणि दादाने लगोलग मागच्या खोलीचं कुलूप बदललं.

"बाईने धार लावलेलं हत्यार कोण हातात घेईल?" तो म्हणाला. "उद्या कुणाचं बोट तुटलं तर माझ्या नावाने बोंब."

आई तिथेच बसली होती. तिने उठून पंखा मोठा केला.

मी माझ्या घरी गॅलरीत सहाण मांडली आणि इंटरनेटवर दुकान उघडलं. आधी स्वतःच्या नावाने. तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. दादाचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि त्याचाच जास्त संताप आला. मग दुकानाचं नाव बदललं. 'धारवाले काका'. फोटोत माणूस नाही, नुसती एक पटाशी. पार्सलांची रीघ लागली.

काका तापट होते, म्हणजे मीच. "पटाशीने रंगाच्या डब्याचं झाकण उघडलंस ना? खोटं बोलू नकोस," असं मी लिहायचे आणि पलीकडचा बाप्या हात जोडून माफी मागायचा. हेच माझ्या नावाने लिहिलं असतं तर 'बाई फार आगाऊ आहे' म्हणून मोकळे झाले असते. फोन मी कधी उचलत नसे. काकांना ऐकू कमी येतं असं सगळ्यांना कळवून टाकलं होतं.

सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक होतं 'लाकूडवाला'. तेही टोपणनावच. गंजून मेलेली, दुसऱ्या कुणी हातात धरली नसती अशी हत्यारं तो पाठवायचा. परत मिळाली की लिहायचा, "काका, तुमच्या हाताला तोड नाही." हे मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायचे. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, पण तेव्हा फार बरं वाटायचं.

एकदा आईला भेटायला निघाले होते. आई दादाकडे, दुकानाच्या वरच राहते. जाता जाता दुकानाच्या काचेत नजर गेली. आत एक रंधा मांडला होता. मूठ चिरलेली, चिरेत मीच भरलेला भुसा आणि सरस. लाकूडवाल्याला नुकताच परत पाठवलेला. खाली पाटी, 'आमच्या खास हाताची धार'.

मी सरळ आत घुसले. "लाकूडवाला तू आहेस?"

दादा दचकलासुद्धा नाही. "तू काका झालीस ते चालतं, मग मी लाकूडवाला झालो तर काय बिघडलं?"

"काका मी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"तूच. जो तो काका काका करायला लागला म्हणून एक पातं पाठवून बघितलं. बघताक्षणी ओळखलं." त्याने रंध्याचं पातं काढून उजेडात धरलं. "रेघा बघ कुठल्या बाजूला कलल्यात."

बाबा डावखुरे होते. त्यांचं बघून शिकले म्हणून मी उजव्या हाताची असूनही पातं डाव्याच हाताने फिरवते. नाव लपवलं, आवाज लपवला, पत्ताही कुरियरच्या ऑफिसचा दिला, आणि प्रत्येक पात्यावर सही करून पाठवत बसले. काय ती हुशारी!

"आणि गप्प बसलास?"

"तू काम करत होतीस, मी काम देत होतो. कुणाचं काय वाईट झालं? आता ऐक. सुतारकामाच्या शाळेचे मास्तर येणार आहेत. काम पसंत पडलं तर शाळेची सगळी हत्यारं कायमची आपल्याकडे. ही हत्यारांची पेटी धार लावून तयार करून दे. नाही दिलीस तर तुझ्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना कळवतो की काका-बिका कुणी नाही, एक बाई तुम्हाला उल्लू बनवतेय. मग बस गॅलरीत माश्या मारत."

आवाज ऐकून आई जिना उतरून आली होती. "घरातलं चव्हाट्यावर आणू नका," ती म्हणाली. म्हणजे मी आणू नये.

मी एकच अट घातली. मास्तरांनी विचारलं की 'धार माझी बहीण लावते' एवढं त्यांच्यासमोर म्हणायचं. बाकी काही नको. दादाने आईसमोर कबूल केलं.

पेटीतल्या एकेका पात्यावर मी जीव ओतला. हातावरचा केस नुसत्या स्पर्शाने उडेल अशी धार. मास्तर येणार त्या दिवशी पेटी स्वतः उचलून दुकानात नेली. मास्तर आधीच येऊन बसले होते, आईही खाली आली होती. त्यांनी पेटी उघडली, एक रंधा फळीवरून ओढला. कागदाहून पातळ सलग साल निघाली. त्यांनी ती बोटावर गुंडाळली आणि बघतच राहिले.

"कुणाचा हात आहे हा?" त्यांनी विचारलं.

मी दादाकडे बघितलं. आईनेही बघितलं. दादाने माझ्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि हसून म्हणाला, "आहेत एक काका. म्हातारे झालेत, कुणाला भेटत नाहीत. ही त्यांच्याकडून पेटी घेऊन आली."

आई फळीवरचा भुसा झटकायला लागली.

"काका वारले," मी म्हणाले.

"अरेरे! कधी?" मास्तर उठून उभे राहिले.

"आत्ताच."

मी रंधा त्यांच्या हातातून घेतला, पेटीत ठेवला आणि पेटी उचलली. पेटी दादाची, हत्यारं दादाची. पण धार माझी होती, ती वेगळी काढून नेता येत नव्हती, म्हणून सगळंच नेलं. मागून दादा शिव्या देत होता की आई हाका मारत होती, मी ऐकलं नाही. दादाला पात्याला धार लावता येत नाही. आता त्याने मास्तरांना काय दाखवायचं ते दाखवावं.

घरी येऊन दुकानाच्या पानावर मीच लिहिलं, 'धारवाले काका वारले.' खाली माझं नाव घातलं, पूर्ण. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. उद्यापासून एकही पार्सल आलं नसतं तरी मी कुणाला जाब विचारणार होते?

पहिला निरोप थोड्याच वेळात आला. 'काकांना श्रद्धांजली. असा हात पुन्हा होणे नाही. आपण त्यांच्या कोण?'

मी लिहिलं, 'हात.'