चार पदरांचे फडके

टर्बो मोटारीस जोर धरण्यास विलंब का होतो, आणि मलकपेठेत दुरुस्तीस आलेल्या एका मोटारीस तो कशामुळे झाला, याचे यथामती निवेदन येथे केले जाईल.

अंबाजीने रबरी नळीवर साबणाचे पाणी फिरवले आणि चालू इंजिनाजवळ कान नेला. एकही बुडबुडा उठला नाही.

"इथूनबी हवा फुटंना, उस्ताद."

उस्ताद म्हणजे एकनाथराव. सरकारी बसच्या कारखान्यात तीस वर्षे सेवा करून ते निवृत्त झाले होते. अंबाजीच्या हाती पहिला पाना त्यांनीच दिला होता. आज मात्र ते स्टुलावर बसून चहाच्या पेल्यात पाहत होते. मोटार त्यांची कन्या चारुलता हिच्याकडची होती. १९९९ साली औषधांच्या एका नव्या कंपनीने आदिलाबादपर्यंतचा विक्रीचा मुलूख आणि ही डिझेल मोटार तिच्या एकदमच स्वाधीन केली होती. सोमवारपर्यंत मोटार नीट झाली नाही, तर तो मुलूख दुसऱ्याकडे जाणार होता.

"टर्बोचं साधं गणित आहे, ताई," अंबाजी हात पुसत म्हणाला. "इंजिनाचा धूर जाता जाता एक चक्र फिरवतो, ते चक्र ताजी हवा आत दाबतं. धूर अडला, नळी फुटली, नाहीतर हवाच कमी आली, की चक्र उशिरा जागं होतं. सायलेन्सर मोकळा, नळी साबूत. फिल्टर तर असा साफ, जशी धूळ शिवलीच नाही. मी तर हौला झालो, डोकंच चालंना!"

"मग तुमच्या उस्तादांना विचारा ना."

"उस्तादांचा आज उपास दिसतो. बोलण्याचा."

चारुलता हसली, परंतु ते हसू टिकले नाही.

"चेष्टा नाही, काका. परवा कामारेड्डीच्या पुढे लॉरीला ओव्हरटेक करत होते. पाय पूर्ण दाबला, गाडी उठेचना. समोरून बस आली. लॉरीवाल्यानं ब्रेक मारला, म्हणून वाचले."

एकनाथरावांचा पेला ओठांपाशीच थांबला.

"हे घरी बोलली नाहीस."

"बोलले असते, तर चावी दिली असती तुम्ही?"

त्यांनी पेला खाली ठेवला. कोणासही काही न विचारता ते उठले आणि मोटारीच्या पुढच्या दिव्यामागील फटीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. हवेच्या नळीच्या तोंडाशी बांधलेली नाडी त्यांच्या बोटांना तत्काळ सापडली. बाहेर आले ते धोतराचे फडके, कडांना टीप मारलेले, धुळीने काळे झालेले.

"त्या रस्त्याला धूळ फार," ते खाली पाहत म्हणाले. "घरी नळाला बांधतो, तसं..."

अंबाजीने फडके उलगडले. एक, दोन, तीन, चार.

"उस्ताद, धुळीला एक पदर बस होतो. तुम्हीच तर—"

"अंबाजीकाका," चारुलता मध्येच म्हणाली, "चहा सांगा ना अजून एक."

अंबाजीने दोघांकडे पाहिले आणि तो चहा सांगण्यास स्वतःच गेला.

तिने फडक्याची पूर्ववत घडी केली.

"बाबा, मी साठच्या वर जात नाही."

"ओव्हरटेक करताना जावं लागतं," एकनाथराव म्हणाले. "तेव्हा जायलाच पाहिजे, बाळा."

चहा घेऊन झाल्यावर तिने त्यांना शेजारी बसवले. रेसकोर्सच्या भिंतीलगत रस्ता मोकळा मिळताच तिने पाय दाबला, आणि मोटारीने क्षणार्धात उसळी घेतली. एकनाथरावांनी दाराची मूठ घट्ट धरली. 'सावकाश' हा शब्द मात्र त्यांनी उच्चारला नाही.

सोमवारी निघण्यापूर्वी चारुलता बरकतपुऱ्यातील घरी पाण्याची बाटली भरण्यास स्वयंपाकघरात गेली. नळाला तेच फडके, शुभ्र धुऊन, चारही पदरांसह बांधलेले होते. पाण्याची धार अगदी बारीक येत होती.

बाहेर एकनाथराव मोटारीची काच तिसऱ्यांदा पुसत होते. फडके न सोडता, बाटली काठोकाठ भरेपर्यंत ती तेथेच उभी राहिली.

ज्या वाचकांनी आपला बहुमोल वेळ या निवेदनास दिला, त्यांचे मनःपूर्वक आभार.

भगवंतराव माणिकराव बिरादार, मलकपेठ