निरीक्षक : स्वतः

"कुणी हलू नका," हे म्हणाले आणि स्वतःच खोकले.

तळ्याकाठी आम्ही तिघं. हे, मी आणि शहरातून आलेला तपासनीस. त्याच्या जाकिटाला अकरा खिसे. मी मोजले. एकाचीही शिवण सरळ नव्हती.

पक्षी : उचाट्या.
संख्या : एक.
केव्हा : उन्हाळ्याचा शेवटचा आठवडा, पाणी आटलेलं, चिखल उघडा.
निरीक्षक : स्वतः.

ही नोंद पक्ष्यांच्या पत्रिकेला पाठवली म्हणून हा माणूस उगवला. या भागात उचाट्या कधी कुणी पाहिलेलाच नाही, म्हणे. नोंद खोटी निघाली तर पत्रिकेतून ह्यांचं नाव गेलं. दवाखान्यात जन्मभर औषधाच्या पुड्या बांधल्या, ते कुणाला आठवत नाही. पाखरं मोजली म्हणून गाव 'पक्षीमास्तर' म्हणतं. तेवढीच ह्यांची मिळकत.

स्वतः! पाच वर्षं झाली, ताट कुठे संपतं आणि टेबल कुठे सुरू होतं ते ह्यांना दिसत नाही. मोतीबिंदू काढून घ्या म्हटलं, तर "माझ्या डोळ्यांना धाड भरलेली नाही, हल्ली बल्बच मंद येतात."

मग बघते कोण? मी शिवणकाम करते. अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते.

"कसा आहे?" त्या दिवशी ह्यांनी खुर्चीतून विचारलं.

"पांढरा. पाठीवर काळ्या पट्ट्या."

"चोच?"

"बारीक. टोकाला वर वाकलेली. जाड कापडात घातलेली सुई वाकते तशी."

"उचाट्या! लिही."

लिहितेही मीच.

शेरा (खोडलेला) : बायको दोन तास उन्हात उभी. साहेब छत्रीखाली.

तपासनिसाने तिकाटण्यावर दुर्बीण बसवली. पेन शोधत तो सातव्या खिशात शिरला आणि म्हणाला, "मास्तर, आधी तुम्हीच बघा."

हे लगबगीने पुढे झाले. डोळा लावला.

दुर्बिणीच्या तोंडावर झाकण तसंच होतं.

"आहे," हे म्हणाले. "तोच. वा, काय डौल आहे!"

मला ह्यांची शिसारी आली. डौल म्हणे!

पेन सापडलं. तपासनिसाला झाकण दिसलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मला चार पावलं बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काकू, गेल्या पाच वर्षांच्या नोंदी मी परत वाचल्या. 'काजाएवढा पांढरा ठिपका.' 'छातीवर कच्च्या टाक्यांची रेघ.' 'उडताना अस्तर दिसावं तसा पंखाखालचा रंग.' त्याआधी असं काही नाही. शिवणकाम करता का तुम्ही?"

"तुमचे खिसे मघापासून उसवावेसे वाटताहेत. त्यावरून ओळखा."

तो हसला नाही. "पक्षी कुठे आहे?"

"मोडक्या होडीच्या डावीकडे. डोळे आहेत ना?"

त्याने गळ्यातली छोटी दुर्बीण लावली. तोंड उघडं. एवढा शिकलेला माणूस, आणि पाखरू बघून गावात पहिल्यांदा आलेल्या गाडीसमोर उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

"खरंच आहे हो!"

"मग? मी काय खोटं लिहिते?"

बोलून गेले मी.

"नोंद तुमच्या नावावर घालतो," तो म्हणाला. "या भागातला पहिला उचाट्या. न्यायाने तुमचाच आहे. फक्त मास्तरांची मागची पाच वर्षं पत्रिकेतून काढावी लागतील."

"काय कुजबुजताय?" हे झाकलेल्या दुर्बिणीला डोळा लावूनच ओरडले. "पाखरू बुजेल! हिला काही कळत नाही हो, तुम्ही तिच्याशी बोलत बसू नका."

काढ म्हणावं पाच वर्षं. सगळी काढ. ओठावर आलं होतं. पण ह्यांच्या सदऱ्याची कॉलर दिसली. गेल्या महिन्यात मीच उलटी करून बसवली होती. विरलेली बाजू आत.

"माझ्या दुकानाला माझ्या नावाची पाटी आहे," मी म्हणाले. "चिखलातल्या पाखरांच्या यादीत ते कशाला? लिहिलंय तसं राहू द्या."

"पण काकू, हे बरोबर—"

"बरोबरचं मला शिकवू नका. आधी खिसे सरळ शिवून घ्या."

त्याने मान खाली घालून लिहिलं. निरीक्षक : स्वतः. मी वाचून घेतलं.

मग मी दुर्बिणीपुढे गेले आणि हळूच झाकण काढलं.

हे दचकले. क्षणभराने म्हणाले, "ढग सरला वाटतं."

सकाळपासून आभाळात चिंधीएवढाही ढग नव्हता.

"हो," मी म्हणाले. "आत्ताच सरला."