डाळिंबी गाठ

म्हाळूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं ते भर बाजारात. मार्गशीर्ष चालू होता. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात तो दावी-कासरे मांडून बसला होता. गिऱ्हाइकाला एक कासरा ओढून दाखवायला म्हणून उठला आणि आपल्याच मालावर आडवा झाला. ओळखीच्या दोघांनी त्याला जीपमध्ये घालून कवठे येमाईला घरी आणलं. जीव वाचला, पण उजवा हात गेला, आणि बोलणंही. तोंडातून नुसती घरघर यायची, आणि ती समजली नाही की तो डाव्या हाताने बाजेची लाकडी कड बडवायचा.

दोर वळणारी घरं ओढ्याकाठच्या त्या वस्तीत आणखीही होती. पण शर्यतीच्या घोडीचा लगाम करावा तो म्हाळूनंच, असं पंचक्रोशीत म्हणायचे. बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. वरच्या माणसाचा तळवा घामानं ओला होतो आणि दोर निसटतो. म्हणून म्हाळू आठपेडी सुती दोर विणायचा आणि त्यावर वीतभर अंतरानं एकेक गाठ बसवायचा. तांबड्या-पिवळ्या सुताची, कच्च्या डाळिंबाएवढी गोल, मुठीत बरोबर मावणारी. तिला डाळिंबी गाठ म्हणत. ती दिसायला देखणी होती, पण तिचं खरं काम हात धरून ठेवण्याचं होतं.

तो पडला तेव्हा हौशीरामच्या घोडीचा लगाम अर्धाच झाला होता. नऊपैकी चार गाठी बसल्या होत्या. पौषात हौशीराम आला आणि अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "सोजरबाई, चैत्रात जत्रा हाय. म्हाळूच्यानं आता काय व्हायचं न्हाई. मी पुण्यावरनं नायलॉनचा दोर आणतो. मनाला लावून घेऊ नका."

"न्हाई ओ आप्पा, तुमचं तरी काय चुकलं?" सोजरबाई म्हणाली. ती म्हाळूची बायको. अर्धा लगाम खुंटीवरून काढायला ती आत वळली, तर म्हाळूनं तो आधीच ओढून छातीशी धरला होता. तिनं दोनदा सोडवून पाहिला. तो सोडेना.

तेव्हा दाराआडून धुरपदा बोलली. ती या दोघांची सून. "आत्या, आप्पांना सांगा, लगाम व्हईल."

"कोन करनार?"

"मी करते."

सोजरबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. वस्तीतल्या बायका घायपात कुटायच्या, पेड वळायच्या. गाठी मात्र पुरुषांच्या हातच्या. हौशीराम हसला नाही. "फाल्गुनापतोर बघतो," एवढंच म्हणाला आणि गेला.

धुरपदाचं वय तेव्हा बावीस-तेवीस. नवरा पोपट बहात्तरच्या दुष्काळात दौंडला गेला, रेल्वेच्या यार्डात हमाली धरली, आणि तिकडेच रतनबाई नावाच्या बाईबरोबर संसार मांडून राहिला. त्याला चार वर्षं होत आली होती. माहेरी भावजयांचं राज्य होतं, म्हणून धुरपदा सासरीच राहिली. ती राबायची, खायची, आणि आपण या घरात कोण म्हणून आहोत याचा विचार करायची नाही.

शिकणं सोपं नव्हतं. सून सासऱ्यापुढे बसत नाही, तोंडावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्या हाताला हात लागू देणं तर लांबच. पहिले काही दिवस सोजरबाई मध्ये बसली. म्हाळू डाव्या हाताने हवेत काहीतरी दाखवायचा, सोजरबाई आपल्या समजुतीनं सांगायची, "वरनं घे म्हनतात वाटतं," आणि धुरपदा पदराआडून चाचपत सूत घालायची. गाठ व्हायची नाही, गुंता व्हायचा. एकदा म्हाळूनं तो गुंता तिच्या हातून हिसकावला आणि भिंतीवर फेकला.

त्या दिवशी सोजरबाईच वैतागली. "काढ त्यो पदर. दिसतंय काय तुला? आन् धर त्यांचा हात. म्हाताऱ्याचं अर्धं अंग मेलंय, त्याला कसली सून आन् कसला सासरा!"

असं म्हणून ती विहिरीवर निघून गेली. धुरपदा बराच वेळ तशीच बसली. मग तिनं पदर मागे टाकला आणि बाजेला टेकून दोराचं एक टोक गुडघ्याखाली दाबलं.

त्यानंतर दोघांचं मिळून दोन हातांचं काम सुरू झालं. डावा हात त्याचा, उजवा तिचा. तो डाव्या चिमटीत दोर धरायचा, ती सूत त्याच्याभोवती तीनदा गुंडाळायची, मग दाभणानं एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून काढायची. चुकलं की तो तिचं मनगट धरून मागे आणायचा. त्याची बोटं लाकडासारखी कडक होती, पण कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. महिन्याभरानं तिला कळलं, की गाठ घालताना ओढायची नसतेच. सैल जाळं आधी पुरतं विणायचं, मग एकेक वळसा थोडा थोडा आवळत तीन फेऱ्या फिरायचं. एक वळसा घाईनं ओढला, की डाळिंब एका अंगाला कलतं आणि पुढे कितीही झटलं तरी सरळ होत नाही.

पाचवी गाठ तिनं अकरा वेळा उसवली. सहावी सहा वेळा. वस्तीतल्या बायका पाण्याला जाताना अंगणात डोकावायच्या. "सासऱ्याचा हात धरून बसती," असं रंगुबाई सोजरबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

सातव्या गाठीला ते झालं. धुरपदानं शेवटचा वळसा घाईनं ओढला, आणि गाठ कलली. म्हाळूचा डावा हात बाजेखाली गेला. दोर ठोकायची मोगरी तिथे असायची. ती उचलून त्यानं तिच्या बोटांवर हाणली. हात डावा, त्यात दुबळा, म्हणून हाड वाचलं. धुरपदा ओरडलीही नाही, इतकं ते अचानक होतं. ओरडला तो. मोगरी टाकून तो तिच्या बोटांकडे बघत राहिला आणि मग लहान पोरासारखा रडू लागला. लाळ आणि पाणी एक झालं. तिनं पुसायला हात नेला तर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आत्या, काय झालं त्यास्नी?" तिनं विचारलं.

सोजरबाई चुलीपुढे होती. "मला काय ठावं," ती म्हणाली, आणि नुकतंच भरलेलं मडकं घेऊन पुन्हा पाण्याला गेली.

त्यानंतर म्हाळूनं शिकवलं नाही. दोर समोर धरला की डोळे मिटायचा. उरलेल्या तीन गाठी धुरपदानं एकटीनं घातल्या, सुजलेल्या बोटांनी. डावा हातही आता तिचाच होता. फाल्गुन संपायला आठ दिवस असताना लगाम झाला.

जत्रेत हौशीरामची घोडी पळाली. शर्यतीच्या धावपट्टीवर, घाटात, बायका जात नसत. धुरपदा ओढ्याच्या उंचवट्यावर उभी राहिली. तिला धुरळा दिसला आणि आरोळ्या ऐकू आल्या. संध्याकाळी हौशीराम नारळ घेऊन आला. "म्हाळूचा हात तो म्हाळूचाच," तो म्हणाला. नारळ त्यानं सोजरबाईकडे दिला.

वैशाखात म्हाळूचं खाणं सुटलं. त्याची घरघर बदलली. दिवसातून कितीदा तरी ओठ मिटून तो "प... प..." असं करायचा आणि दाराकडे बघायचा. सोजरबाई एका सकाळी धुरपदाला म्हणाली, "दौंडला जा. त्याला घिऊन ये. मी गेले तर यायचा न्हाई."

शिरूरला एसटी बदलून धुरपदा उन्हं तापायच्या आत दौंडला पोचली. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते, घोड्यांच्या तोंडाला नायलॉनचे निळे दोर. एका हमालानं पोपटची खोली दाखवली. रतनबाई दारातच भेटली. वयानं मोठी, पायानं अधू. धुरपदा कोण ते तिनं न विचारताच ओळखलं. आत बसवलं, पाणी दिलं, आणि पोपटला बोलवायला स्वतः लंगडत यार्डात गेली.

पोपट आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"मामा जायला लागल्यात," धुरपदा म्हणाली. "तुमची वाट बघत्यात. चला."

त्याची नजर तिच्या बोटांवर होती. एका नखाखालचं रक्त अजून काळं दिसत होतं.

"लगाम शिकलीस म्हनं तू. गावचा मानूस भेटला व्हता."

"शिकले."

"हे त्यानं केलं?"

"एकदाच."

पोपटनं आपला डावा हात पुढे केला. त्याची मधली दोन बोटं वाकडी होती, कधीच मिटायची नाहीत. लग्न झालं तेव्हा तिला सांगितलं होतं, की लहानपणी मोटेच्या चाकात सापडली.

"चाक न्हवतं ते," तो म्हणाला. "मोगरी व्हती. तेरा वरसांचा व्हतो. गाठ कलली म्हनून. दुसऱ्या दिशी म्हनला, आता ह्या हाताचा काय उपेग, जा ढोरामागं."

रतनबाई दाराबाहेर पाठ करून उभी होती. म्हाळूच्या ज्या बोटांनी आपलं मनगट धरून वाट दाखवली, त्याच बोटांनी हे केलं, हे धुरपदाच्या मनात बसेना. शेवटी ती म्हणाली, "मला मारल्यावर ते रडले. लई रडले."

"रडला?"

"व्हय."

"माझ्या येळंला न्हाई रडला," पोपट म्हणाला. मग थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, "खरंच रडला?"

तिनं मान हलवली. तो उठला, हात पँटला पुसला आणि म्हणाला, "सांग त्याला, ड्यूटी हाय." आणि यार्डाकडे चालू लागला.

धुरपदा तिसऱ्या प्रहरी घरी आली. म्हाळूचे डोळे दारावरच होते. ती एकटीच आत आली ते त्यानं पाहिलं. "ड्यूटी हाय म्हनाले. सुट्टी मिळाली की येत्याल," ती म्हणाली. त्यानं डाव्या हाताने तिचा हात शोधला आणि ते काळं नख अंगठ्यानं हलकेच दाबलं. तिनं हात काढून घेतला नाही, पण तिला तो तिथे ठेवणंही जड गेलं. पाचव्या दिवशी दुपारी तो गेला.

पोपट दहाव्याला आला. ओढ्यावर मुंडण केलं, पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हातारा मोकळा झाला. पोपटच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. निघताना तो धुरपदाला म्हणाला, "आईला घिऊन तिकडं ये. रतनची ना न्हाई."

"मी हितंच ठीक हाय," ती म्हणाली. त्यानं आग्रह केला नाही. आईच्या पाया पडला, पण वर पाहिलं नाही.

एसटी गेल्याचा आवाज वस्तीपर्यंत आला. सोजरबाई अंगणात मातीवर बसली होती. "तुला त्यानं सांगितलं आसंल," ती म्हणाली.

"सांगितलं."

"सगळं न्हाई सांगितलं त्यानं." सोजरबाईचा आवाज कोरडा होता. "पोरगं हात मागं घेत व्हतं. ह्ये म्हनले, धर त्याला. मी मनगट धरलं दगडावर. मला वाटलं, भ्या दावत्यात नुसतं. शिकंल म्हनलं. धनी हायेत, बा हाय..." ती थांबली. "मी धरलं नसतं तर त्यानं हात काढला असता गं."

धुरपदानं चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या आणि सोजरबाईपुढे ताटली ठेवली. स्वतः जेवली नाही. भांडी घासली, आणि अंधार पडेपर्यंत परसात एकटीच बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात मलठणच्या एका घोडीवाल्याचा निरोप आला. लगाम हवा होता, सात गाठींचा. धुरपदानं हो सांगितलं. सकाळी तिनं अंगणात गोणपाट अंथरलं आणि सूत काढलं. थोड्या वेळानं सोजरबाई दारात आली आणि तिथेच उभी राहिली. बसायचं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. धुरपदानं वर पाहिलं नाही. ती गोणपाटावर थोडी बाजूला सरकली.

सोजरबाई येऊन बसली आणि पेड वळू लागली.