पत्त्यातला तिसरा मजला

बाळ्याला नात झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. आजोबा झाला तरी थोरल्या बहिणीसाठी तो बाळ्याच. त्या सकाळी तो आक्काच्या गॅलरीत उकिडवा बसून एका कुंडीतली माती बोटाने चाचपत होता. मातीतून सात कोंब वर आले होते.

"हळू," मागून आक्का म्हणाली. "कोंब आहेत ते. तुझ्या ऑफिसातल्या फायली नाहीत."

बाळ्या शेती खात्याच्या बियाणे तपासणी कचेरीत शिपाई होता. महिनाभर शहरात लोकांना परदेशातून बियांची पाकिटं येत होती. कुणी मागवलेली नव्हती. वर लिहिलेलं असायचं 'कानातले', आत निघायच्या बिया. कसला रोग, कसली कीड घेऊन आल्या असतील याचा नेम नाही, म्हणून हुकूम सुटला होता. पाकीट उचलायचं, पेरलं असेल तर मातीसकट उचलायचं, दोन पिशव्यांत बांधून भट्टीत टाकायचं. उचलायचं काम बाळ्याचं. आजच्या यादीत या इमारतीतली दोन नावं होती. एक तळमजल्यावरच्या शिंपिणीचं, दुसरं शिंपिणीने सांगितलेलं आक्काचं.

"कळवलं का नाहीस?"

"माझ्या पोराने पाठवलेलं मी कुणाला कशाला कळवू?"

पोर म्हणजे तिचा एकुलता एक. नोकरीसाठी परदेशी गेलेला. दोन वर्षं त्याचा फोन नव्हता, आणि जुना नंबर लागत नव्हता.

"आक्का, असली चाळीस पाकिटं जाळली मी. त्या शिंपिणीलाही आलंय. तिचं कोण आहे तिकडे?"

"तिचं तिला ठाऊक."

ती आत गेली. बियांच्या पाकिटाचं वेष्टन आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राचं खोकं घेऊन आली. दोन्ही तिने त्याच्यासमोर फरशीवर शेजारी शेजारी ठेवली.

"वाच."

नाव तेच, गल्ली तीच. दोन्हींवर तिसरा मजला. आक्काचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन वर्षांपूर्वी पोराने तिकडे बसून हे यंत्र ऑनलाइन मागवून दिलं, तेव्हा मजला चुकवला होता.

"इथेच लहानाचा मोठा झाला, पण जिने कधी मोजले नाहीत," आक्का म्हणाली. "ही चूक त्याच्याशिवाय कोण करणार?"

बाळ्या दोन्ही पत्त्यांकडे बघत राहिला. अशा खरेदीच्या याद्यांमधूनच कुणीतरी पत्ते उचलतंय, असं साहेब म्हणाले होते. म्हणजे चूक पोराचीच होती. बिया त्याच्या नव्हत्या. ते न सांगता त्याने पिशवीची गाठ सोडायला घेतली.

"एक ठेवून जा. तो कडेचा, बारका."

"किती उचलले ते लिहावं लागतं, आक्का."

"मग सहा लिही."

बाळ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि कुंडी उचलून पिशवीत ठेवली. दुसरी पिशवी चढवणार तेवढ्यात आक्का तांब्या घेऊन आली. तिने वाकून कुंडीत पाणी घातलं.

"ऊन आहे. वाटेत मान टाकतील," ती म्हणाली.

कागद भरताना त्याने सात लिहिले. पाठवणाऱ्याच्या रकान्यात तो आजवर 'माहीत नाही' असंच लिहीत आला होता. तिथे त्याने 'मुलगा' लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. आक्काने तो रकाना दोनदा वाचला, मग सही केली.

थंडी पडल्यावर एका दुपारी बाळ्याचा फोन वाजला. नंबर अनोळखी, लांबलचक होता.

"मामा, आईचा फोन लागत नाहीये. ते यंत्र जुनं झालं असेल ना? नवं पाठवतोय. पत्ता तोच ना, तिसरा मजला?"

"दुसरा," बाळ्या म्हणाला.

आक्काला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. सतरा नोव्हेंबरला, पहाटे, ती गेली.